पाण्यात उतरणारा रस्ता

शनिवारी आम्ही दोघं सायकली बाहेर काढतो तेव्हा आमच्या बेलवलीतली कुत्रीसुद्धा उठलेली नसतात. रविवार मी मुद्दाम टाळते. रविवारी मुंबई-ठाण्याकडून घट्ट कपड्यांतली मंडळी महागड्या सायकली घेऊन येतात, रस्त्याच्या मधोमध उभी राहून स्वतःचे फोटो काढतात आणि आम्हाला बघून ‘क्या बात है, अंकल-आंटी’ म्हणतात. ते ‘आंटी’ माझ्या डोक्यात जातं.

आमच्या यांना कधी कशाचा राग आलेला मी पाहिला नव्हता. हे इथलेच, खरवईकडच्या शेतकरी घरातले. अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरी केली तीही सायकलवरून, तिन्ही पाळ्यांत. निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, आता जरा बिनकामाची सायकल चालवू. मी उल्हासनगरच्या कॅम्पात वाढलेली. तिथल्या गर्दीत सायकल शिकायची सोय नव्हती, म्हणून पन्नाशीनंतर शिकले, गुडघे फोडून घेतले. मग आम्ही हिंडायला लागलो. मुळगावच्या पुढची खेडी, कोंडेश्वर, बारवी धरणाच्या मागच्या ठाकरवाड्या. या रस्त्यांवर सकाळी एखादी दुधाची मोटारसायकल भेटली तर भेटली, नाहीतर नुसता साखळीचा आवाज.

यांना जुन्या दगडांचा नाद होता. एखाद्या शेताच्या बांधावर, करवंदीच्या जाळीत वीरगळ दिसला की सायकल तशीच आडवी टाकायचे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला दगड. गावकऱ्यांनी शेंदूर फासून त्याचा देव केलेला असतो. हे बोट फिरवून मला दाखवायचे: ‘हा खालून वर वाचायचा. खाली लढाई, मधे त्याला स्वर्गात नेतायत, वर महादेवाची पिंड.’ मी म्हणायचे, मेल्यावरसुद्धा पुरुषाचाच थाट. हे हसायचे.

दोन वर्षांपूर्वी यांचं विसरणं सुरू झालं. आधी कालचं जेवण गेलं, मग नातवाचं नाव. मग घराला दोन खोल्या आहेत की तीन, याचा घोळ. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की अलीकडचं आधी जातं आणि जुनं मागाहून. मी मनातल्या मनात हिशेब मांडला. खरवईची शेतं, आई, मामाचं गाव, हे सगळं माझ्याआधीचं. म्हणजे ते राहणार आणि माझी पाळी त्याच्या आधी येणार. मला दुसरी कसलीच भीती उरली नव्हती. एक दिवस हे माझ्याकडे बघतील आणि मी कोण ते यांना कळणार नाही, एवढी एकच भीती घेऊन मी रोज सकाळी उठत होते.

मुलगी म्हणायची, सायकल बंद करा. मी ऐकलं नाही. सायकलवर बसले की हे शाबूत असतात, अशी माझी पक्की समजूत होती. घरात बटण लावताना अडखळणारा माणूस चढावर बरोबर गिअर पाडायचा, खड्डा आला की मागे हात करून मला खूण करायचा. ती खूण माझ्यासाठीच असायची ना? तेवढ्यावर मी आठवडा काढायचे.

पण रस्त्यावरही काहीतरी बदलत होतं. ओसाड खळ्याजवळून जाताना हे हात वर करून कोणाला तरी रामराम करायचे. मी बघितलं तर तिथे नुसतं गवत. अंबरनाथच्या शिवालयाला गेलो तेव्हा तर माझ्या अंगावर काटा आला. बाहेरच्या भिंतीवर दगडी बायकांच्या ओळी आहेत, कित्येकींचे चेहरे झिजून सपाट झालेत. हे अशाच एकीसमोर कितीतरी वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ‘ही ओळखीची वाटते.’ नाक नाही, डोळे नाहीत, आणि यांना ओळख पटत होती. मला त्या दगडाचा हेवा वाटला, हे खोटं कशाला बोलू.

यांची बोलीही मागे चालली होती. कंपनीत आणि माझ्याशी हे साधं शहरी मराठी बोलायचे. आता मधेच ‘मना’, ‘नाय’, ‘सगले’ असं त्यांच्या लहानपणचं, आगरी घरातलं बोलणं वर यायला लागलं. मी ते सासूबाईंच्या तोंडून ऐकलेलं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. स्वयंपाकघरातून यांचं बोलणं ऐकलं की मला घरात तिसरं कोणी असल्यासारखं वाटायचं.

यंदा चैत्रात, पाणी ओसरल्यावर, आम्ही बारवीच्या मागच्या अंगाला गेलो. तिथे एक फाटा आहे. नवा रस्ता डावीकडे वळून डोंगराला वळसा घालतो. जुना सरळ खाली उतरतो आणि धरणाच्या पाण्यात जातो. पलीकडे यांच्या मामाचं गाव होतं, ते पाण्याखाली गेलं. दरवेळी हे डावीकडे वळायचे. त्या दिवशी नुकतं उजाडत होतं, पाण्यावरून धुकं वर आलेलं होतं. हे माझ्या बरेच पुढे होते, आणि मला दिसलं की हे सरळ गेले.

‘अहो!’ मी ओरडले. हे थांबले नाहीत. उलट, जोरजोरात पॅडल मारायला लागले.

मीही जोर लावला. दम ओरडण्यात घालवावा की पायांत, असा प्रश्न होता. मी पायांत घातला. आणि तिथेच चुकले. यांच्या घरातलं कोणी रानातल्या वाटेवर एका हाकेला ओ देत नाही. माणूस असला तर लगोलग दुसरी हाक मारतो. ‘ते’ एकदाच मारतं. लग्नानंतर सासूबाईंनी मला हे बजावून सांगितलं होतं आणि मी हसले होते, कारण आमच्या कॅम्पात भुताला उभं राहायलाही जागा नव्हती. उतारावर ते आठवलं तेव्हा मी दुसरी हाक मारली. पण मधे एवढा वेळ गेला होता की तीही एकटीच पडली. हे आणखी जोरात सुटले.

डांबर संपलं, चिखल सुरू झाला. पुढचं चाक पाण्यात गेलं तेव्हा कुठे सायकल थांबली. हे पडले नाहीत. पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभे राहून, हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. लोखंड हातात असलं की ‘ते’ जवळ येत नाही, हेही सासूबाईंचंच. मी सायकल टाकून धावले.

‘थांब तिथंच,’ हे म्हणाले. ‘पाय दाखव.’

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. हडळीचे पाय उलटे असतात, हे कॅम्पातल्या पोरींनाही ठाऊक होतं. माझ्या पायांत बूट होते.

मला रडू आलं नाही, संताप आला. इतकी वर्षं या माणसाची भाकरी थापली, आणि आता मी बाई आहे की हडळ हे दाखवून द्यायचं? पण यांच्या मागे पाणी होतं. हे एक पाऊल मागे गेले असते तर मी काय करणार होते? मी तशीच खाली बसले, बूट काढले, मोजे काढले, आणि थंड चिखलात अनवाणी उभी राहिले. हे वाकून बघत राहिले. टाचा बघितल्या, बोटं बघितली. यांचा श्वास हळूहळू खाली बसला.

‘पाय तं सरल हान,’ हे म्हणाले. मग आवाज एकदम मऊ झाला, वाटेत भेटलेल्या परक्या बाईशी भला माणूस बोलतो तसा. ‘जोडवी हान. लगीन जालेली हायस तू. मंग अशी रानात एकटीच कशाला फिरतंस? नवरा कुठं हाय तुजा?’

उत्तर तर द्यायला हवं होतं.

‘पुढे गेलेत,’ मी म्हटलं.

‘बाईमानसाला मागं टाकून जातं का कोन?’ हे खरंच रागावले. यांना रागावलेलं मी प्रथमच बघत होते. चिखलातून स्वतःची सायकल ओढून बाहेर काढली, माझी उचलून उभी केली, तिच्या हँडलला लागलेला चिखल सदऱ्याच्या टोकाने पुसला. ‘चल. गाठू त्याला.’

आम्ही चढ चढून नव्या रस्त्याला लागलो. हे माझ्या अगदी बाजूने चालवत होते, मी दमले की तेही हळू व्हायचे. प्रत्येक वळण आलं की मान उंच करून पुढे माणूस दिसतो का ते बघायचे, आणि कोणी दिसलं नाही की माझ्याकडे वळून म्हणायचे, ‘गावंल, गावंल. लांब नसंल गेला.’