खालचं पाणी

नलूताई मला पहिल्यांदा भेटल्या त्या खाडीकाठच्या वालावल गावात, एका विहिरीवर. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी पाण्याचे नमुने घेत होते. बाटली भरणार इतक्यात मागून आवाज आला, "थांब गो बाय. आधी ह्याच पाण्यान बाटली धुय."

"नवीन आहे, ताई. स्वच्छ आहे," मी चाचरत म्हटलं.

"तुका स्वच्छ. पाण्याक ती परकीच मा?"

मी बाटली विसळली, पाणी ओतून दिलं, पुन्हा विसळली. तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

नलूताईंची सगळी नोकरी विदर्भातल्या एका भूमिगत कोळसा खाणीच्या प्रयोगशाळेत झाली. खाणीत साचलेलं पाणी पंपाने वर काढत, टाक्यात निवळू देत आणि नाल्यात सोडत. सोडण्याआधी ते तपासायचं आणि आसपासच्या गावांतल्या विहिरींवर लक्ष ठेवायचं, हे त्यांचं काम. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्या धाकट्या भावाकडे, दिगूकाकांकडे, वालावलला आल्या.

मी कसालजवळच्या गावातली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली, त्यामुळे कुणाला काही विचारायचं तर जीभ अडखळते. त्यांच्यापाशी कमी अडखळायची. संध्याकाळी खाडीच्या काठावर बसलो असताना एकदा विचारलं, "खाण आतून कशी असते?"

"माका काय ठावक? तेवा बायकांक खाली सोडीत नसत. माका खाण गावली ती बाटलीत."

मग डोळे मिटून सांगू लागल्या, "वरसून थेंब थेंब गळता. तो जुनो पाऊस गो. कधी पडलो, कोणाच्या शेतार पडलो, कोण सांगतलो? दगडातसून वाट काढीत इलेलो." ऐकता ऐकता समोरची खाडी काळवंडत गेली. मला वाटलं, आपण काठावर नाही, पाण्याच्या खूप खाली बसलो आहोत आणि कुणाचा तरी विसरलेला पाऊस आपल्यावर ठिबकतो आहे.

एक गोष्ट मात्र त्या डोळे उघडे ठेवून सांगायच्या. खाणीतले पंप चालले की वरच्या गावातल्या विहिरींचं पाणी उतरे. तिथली एक म्हातारी दर खेपेला विचारायची, "बाई, आमचं पाणी कुठं गेलं?"

"ऑफिसात कळवलंय," एवढंच नलूताई तिला सांगत. मला म्हणायच्या, "पण आमच्या पंपान ओढल्यान, ह्या तिका तोंडार सांगूक माका जमला नाय."

गेल्या उन्हाळ्यात दिगूकाकांनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आणि बोअर मारली. पंप दिवसभर चालू लागला. हळूहळू शेजारच्या सरसूकाकींची विहीर खारट झाली. बोअर गोडं पाणी ओढत होती आणि त्याच्या जागी खाडीचं पाणी शिरत होतं. नलूताई रोज ते पाणी चाखून बघत, पण भावापाशी विषय काढत नसत. पंप भावाचा, आणि घरही भावाचंच. त्या वयात त्यांना दुसरं छप्पर नव्हतं.

एका सकाळी मी तिथे असताना त्यांनी दिगूकाकांना चहा दिला. पहिला घोट घेताच काका थुंकले.

"चायत मीठ घातलंस काय गो, आक्का?"

"मी नाय. तुझ्या पंपान घातल्यान. सरसूच्या बावीतला पाणी ता."

"माझ्या घरात रवान माकाच शिकवतंस?"

"घर तुझा. पाणी खंयचा तुझा?"

"मगे जा, रव त्या सरसूकडेच!"

"रवतंय."

आणि त्या खरंच गेल्या. मधल्या दगडी गडग्याच्या भिंतीपलीकडे, सरसूकाकींच्या पडवीत. हट्टाने काकांनी पंप थांबवला नाही. पाऊस लागला, पर्यटक येईनासे झाले, तेव्हा तो आपसूक थांबला. भावाबहिणीचं बोलणं मात्र सुरू झालं नाही. श्रावणात नलूताई त्या पडवीतच झोपेत गेल्या.

दिवाळीच्या तोंडावर दिगूकाकांचा मला फोन आला. खोल्यांचं बुकिंग झालं होतं. सरसूकाकींची विहीर तपासून दे, म्हणाले. मी गेले, तपासलं. ते शेजारी उभे होते. त्यांना काय ऐकायचं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. माझी जीभ नेहमीसारखी अडखळली.

"काका, कमी झालंय. पण... अजून खारट आहे."

त्यांनी वाकून विहिरीत बघितलं.

"मगे पंप बंदच ऱ्हवांदे," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या म्हयन्यात परत ये. आणि असाच खरा काय ता सांग."