उघड्या फिल्टरचा भंडारा

लोणीच्या रस्त्यावरच्या मेकॅनिककाकांच्या गॅरेजात जीप आणि टेम्पोच यायचे. तिथं मी माझी कंपनीतूनच दणकट इंजिन घेऊन आलेली गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायला तयार करून मागितली, तेव्हा मित्रांनी मला वेड्यात काढलं.

"ट्रॅक म्हंजी आपला घाटच की राव," मेकॅनिककाका म्हणाले. घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीची धावपट्टी; तिथं त्यांची हयात गेलेली, त्यामुळे नियमही तिथलेच. मागची सीट आणि स्टेपनी काढून टाकली. "पळणाऱ्याच्या अंगावर वझं कशाला?" टाकी काही भरू दिली नाही. "भरल्या पोटी बैल पळतोय व्हय?" बैलाचा खूर तपासावा तसे टायर रोज दाबून बघायचे.

पण त्यांचा खरा वैरी म्हणजे धूळ. जास्त हवा ओढावी म्हणून त्यांनी एअर फिल्टर उघडाच बसवला, आणि त्या दिवसापासून गॅरेजात धूळ उडवणारा झाडू बंद. माझ्या चपलासुद्धा बाहेर. "धुळीचा एक कण आत गेला, तर तुमाला दारात उभं करणार न्हाई."

निघायच्या सकाळी इंजिन चालू होतं, बॉनेट उघडं. ते हात जोडून पुढं आले, काहीतरी पुटपुटले आणि मूठभर भंडारा त्यांनी थेट इंजिनावर उधळला. गाडी दोनदा खोकली. नवाकोरा फिल्टर पिवळाधमक.

मी ओरडलो, "अहो, धूळ!"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच चपला घालून देवळात शिरलो होतो.

"धूळ?" ते म्हणाले. "भाऊ, भंडारा हाये त्यो."

आणि फिल्टर न पुसताच त्यांनी बॉनेट लावलं.