मलावीला जेवण विचारणारे डॉक्टर

कोल्हापुरातून हाक मारली तर तारेशिवाय आफ्रिकेत ऐकू जाईल असा जगात एकच माणूस आहे, आणि ते माझे साहेब आहेत. शाहूपुरीतल्या आमच्या दवाखान्यातून पडद्यावर परदेशातल्या दवाखान्यांना सल्ला देतात ते मोठे डॉक्टर. पन्हाळ्याचा पेशंट असला की साधं बोलतात. आफ्रिकेतलं मलावी लागलं की उभं राहून ओरडतात. "लांब हाय की रं ते!" त्यांचं इंग्रजी मलाही कळतं, कारण निम्मं कोल्हापुरीच असतं. मी भंडाऱ्याकडचा, सातवीत शाळा सोडलेला. तारा जोडायच्या, कॅमेरा फिरवायचा, एवढंच काम. पण तार सुटली आणि पलीकडं माणूस दगावला तर, या धास्तीनं मी प्रत्येक तार दहादा तपासतो. डॉक्टर मात्र मला "इंजिनिअर" म्हणतात, तेही चारचौघांत.

त्यांची मोठी खोड म्हणजे आजाराआधी जेवण. पाय मोडलेला असला तरी पहिला प्रश्न, "काय खाल्लं?" मलावीच्या सिस्टरांनी एकदा वैतागून मक्याच्या उकडीची ताटलीच पडद्यासमोर धरली, तर यांनी उकडीबरोबर खायच्या तांबड्या रश्श्याची कृती सांगितली.

मलावीचा वार सोमवार. एका सोमवारी सिस्टरांकडं तीन वर्षांची मुलगी आली. पंधरा दिवस खोकला, औषधांना गुण नाही, ओठ निळे पडलेले. नेमकं तेव्हाच चित्र गेलं. मी तारा चाचपत रडायच्या बेताला आलो.

"जाऊ दे चित्र. आवाज हाय न्हवं? बस गप," डॉक्टर मला म्हणाले, आणि माइकवर, "सिस्टर, खोकला लागला त्या दिवशी काय खात हुती पोरगी?"

"डॉक्टर, आज तरी जेवण नको!"

"आईला इचारा की वो!"

आई म्हणाली, भुईमुगाच्या शेंगा. खाता खाता हसली, ठसका लागला, तेव्हापासून हे.

"आता छाती दोन्हीकडनं ऐका." मग सिस्टर हळूच म्हणाल्या, "उजवीकडं हवाच जात नाही."

"श्वासाच्या नळीत दाणा अडकलाय! ऑक्सिजन लावा आन् मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ता. दुर्बिणीनं काढत्यात."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर बशी आली. बशीत फुगलेला अर्धा शेंगदाणा, आणि मागं आईच्या कडेवर ती मुलगी, आमच्याकडं बघून लाजणारी. डॉक्टरांनी अख्ख्या दवाखान्याला पेढे वाटले. पहिला मला भरवला.

गेल्या महिन्यात तिकडं तसाच एक मुलगा आला. सिस्टरांनी आम्हाला न विचारता ओळखलं, धाडलं, वाचवलं, मग कळवलं. "शिकली की वाघीण!" म्हणून डॉक्टरांनी टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला. आता बरेच सोमवार मलावीहून पडद्यावर कुणीच येत नाही. डॉक्टर तरी वेळेवर येऊन बसतात, पडदा चालू ठेवायला लावतात. "कुणी आलं न्हाय म्हंजे बरंच की," म्हणतात, आणि तासभर जागचे उठत नाहीत.