तिसऱ्यांदा बंद केलेली तक्रार

कचेरीतल्या संगणक दुरुस्ती विभागातल्या त्या माणसाला सगळे ‘कायदा’ म्हणत. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. तक्रार लेखी हवी, तिला क्रमांक हवा, मगच हे महाशय खुर्चीत सरळ बसणार. नाकासमोर चालणारा माणूस म्हणून त्याचं कोण कौतुक! अशा माणसाला आजूबाजूचं काही दिसत नाही, हे मात्र कोणी बोलत नसे.

त्याची थोरली बहीण त्याच कचेरीत, दोन मजले वर, यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढायची. सव्वीस वर्षं हेच काम. आधी कागदावर, मग संगणकावर. धाकट्याला शिकवलं तिनेच आणि त्याच्या नोकरीसाठी शब्दही टाकला तिनेच. म्हणूनच त्याने कानाला खडा लावला होता, की ताईचं काम कधी आधी करायचं नाही. ‘बहिणीसाठी बरा धावतो,’ असं कोणी म्हटलेलं त्याला खपलं नसतं. इतरांच्या टेबलापाशी तो दहादा जाई. ताईच्या टेबलापाशी जाणं त्याने पाच-सहा वर्षं टाळलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता.

मग कचेरीने आभासी संगणक आणले. टेबलावरचा संगणक नुसत्या खिडकीपुरता राहिला. खरं काम त्याच्या आत उघडणाऱ्या दुसऱ्या संगणकावर सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात ताईची तक्रार आली: माउसचा बाण फार पळतो, रेघेच्या टोकाशी थांबत नाही.

त्याने आपल्या जागेवरूनच तिचा आतला संगणक उघडला आणि स्वतःचा माउस फिरवून पाहिला. बाण शहाण्यासारखा चालला. ‘दोष आढळला नाही,’ असं लिहून त्याने तक्रार बंद केली. दुसऱ्या तक्रारीचंही तेच झालं. तिसरीच्या वेळी ताईने फोन केला.

“अरे, एकदा वर येऊन बघ ना.”

“ताई, मला इथून सगळं दिसतं. बाण ठीक चालतोय.”

“मग माझ्याच हातात का पळतो?”

“वय झालं आता. हात थरथरत असेल तुझा. डॉक्टरला दाखव.”

ताईने फोन ठेवला. त्याने तिसरी तक्रारही बंद केली.

पुढच्या महिन्यात एका नकाशात भोक चार मिलिमीटर बाजूला पडलं आणि कारखान्यात तयार झालेला सगळा माल भंगारात गेला. साहेबांनी ताईपुढे कागद ठेवला. हात साथ देत नाही, म्हणून मला आवक-जावक टेबलावर हलवावं, अशी तिचीच विनंती त्यात टाईप केलेली होती. ती तो कागद घेऊन भावाच्या घरी आली. त्याने दोनदा वाचला. “सही करून टाक,” तो म्हणाला. “चौकशी बसली तर उगाच चारचौघांत शोभा होईल.” ताईने तिथेच, त्याच्याच पेनाने सही केली.

खुर्चीवरचा माणूस बदलला की संगणक जागेवर जाऊन तपासायचा, असा नियम होता. नियम होता म्हणूनच कायदा शेवटी वर गेला. ताईच्या खुर्चीत बसला, माउसला हात लावला आणि बाण पडद्याच्या पार टोकाला गेला. पुन्हा धरला, पुन्हा पळाला.

दोष शोधायला दोन मिनिटंही लागली नाहीत. बाणाची गती बाहेरच्या, म्हणजे टेबलावरच्या संगणकावर शेवटच्या टोकाला होती आणि आतल्यावरही वाढवलेली होती. एकीवर दुसरी चढत होती. त्याच्या जागेवरून फक्त आतली दिसायची. आणि बाहेरची गती वाढवली होती त्यानेच, फार पूर्वी. टेबलावर नकाशांचे गठ्ठे, माउस हलवायला वीतभर जागा, म्हणून ताईनेच तेव्हा सांगितलं होतं. तो ते साफ विसरला होता.

त्याने गती खाली आणली. नवा नकाशेवाला बसला. “झकास चालतोय की! बाईंना कसला त्रास होता?”

“तरुण हात लागतो याला,” साहेब म्हणाले.

कायद्याने तिथेच सगळं सांगितलं. तेवढं माणूसपण त्याच्यात शिल्लक होतं. साहेबांनी ऐकून घेतलं. “तीन वेळा ‘दोष नाही’ असं तुम्हीच लिहिलंत. विनंतीवर सही बाईंची. आता मी कुठला कागद फाडू, सांगा?” आयुष्यभर त्याने लोकांची तोंडं अशाच कागदांनी बंद केली होती.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं, तरी तिने आग्रह करून हातासाठी गोळ्या लिहून घेतल्या होत्या. हातातून पडेल म्हणून तान्ह्या नातीला उचलून घेणं सोडलं होतं. दाराशी उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं; बाहेरची गती, आतली गती, स्वतःचा आळस. आळस नव्हता तो, मिजास होती, हेही सांगितलं.

ताईने उजवा हात पुढे धरून पाहिला. बराच वेळ धरला. हात जराही हलला नाही.

“दुसरा कोणी म्हणाला असता ना, तर त्याच्या टेबलावर जाऊन भांडले असते,” ती म्हणाली. “तू म्हणालास, म्हणून खरं मानलं रे.”