दावणीला बघितलेली बॅटरी

जन्माला घालायच्या आधी देवानं माझ्या साडूंना विचारलं असतं, तर "अजून दोन-चार घरं बघून येतो" असं सांगून ते जे गेले असते, ते आजतागायत परतले नसते. चौकशी न करता या माणसानं आयुष्यात काही केलं असेल यावर माझा विश्वास नाही. चप्पल घ्यायची तरी गुलमंडीवरच्या दुकानात नंतर. आधी तसली चप्पल घातलेल्या माणसाच्या मागं मागं चालायचं. एकदा असेच एका गृहस्थाच्या टाचांकडं बघत ते थेट त्याच्या दारापर्यंत गेले. त्यानं दरडावून विचारलं, काय पाहिजे? तर हे शांतपणे म्हणाले, पावसात घसरती का हो? त्या भल्या माणसानं घरात बोलावून चहा दिला आणि चप्पल हातात काढून दाखवली. साडूंनी ती घेतली नाहीच. टाचेकडून झिजते म्हणाले.

ही खोड त्यांची एकट्याची नव्हे, घराण्याची आहे. खुलताबादच्या पलीकडं डोंगराला लागून त्यांचं गाव, आणि वडलांची शेरडं-मेंढरं. शेरडू विकत घ्यायचं असलं की वडील बाजारात जायचे नाहीत, विकणाऱ्याच्या गावी जाऊन त्याच्या अंगणात दिवसभर बसायचे. जनावर चारा कसं खातं, धार काढताना पाय झाडतं का, हे बघून मग बोलणी. "जनावर बाजारात नाय बघायचं, धन्याच्या दावणीला बघायचं. बाजारात समदीच गुणाची," हे वडलांचं वाक्य साडूंनी मला इतक्यांदा ऐकवलंय की ते माझ्याच वडलांचं असावं असं मला वाटायला लागलंय. पुढं साडू वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरला लागले, तिथूनच निवृत्त झाले, गारखेड्यात घर बांधलं. पण दावण काही सुटली नाही. मला म्हणाल तर हा सगळा प्रकार करमणुकीचा वाटायचा. ताईंचं आजारपण येईपर्यंत.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची बायको. बोलायला मिठ्ठास आणि टोमणा मारायला पटाईत. त्यांची फुप्फुसं हळूहळू निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. ते विजेवर चालतं, हवेतला ऑक्सिजन गोळा करून नळीनं नाकात सोडतं. वीज गेली तर तेवढ्यापुरता एक लहान सिलिंडर शेजारी. आता आमच्या शहरातल्या विजेबद्दल मी काय सांगावं? वारा सुटला की जाते, वारा पडला की जाते, आणि दोन्ही नसलं तर दुरुस्तीसाठी म्हणून मुद्दाम घालवतात. डॉक्टर म्हणाले, एक चांगला इन्व्हर्टर बघा. साडूंनी त्यातलं नेमकं 'बघा' तेवढं धरलं.

झालं! इन्व्हर्टरची बॅटरी दुकानात कशी बघायची? दुकानात सगळ्याच बॅटऱ्या गुणाच्या. ती बघायची म्हणजे लाईट गेलेली असताना, धन्याच्या घरी. साडूंनी अर्ध्या शहरातल्या ओळखीच्या माणसांना सांगून ठेवलं, तुमच्याकडची लाईट गेली की मला फोन करा. गारखेड्यातली लाईट शाबूत असली आणि ताईंजवळ कुणी असलं, की हे स्कूटरला किक मारून निघालेच. पहिली पाळी अर्थातच सिडकोत आमच्या घरी. आले, बॅटरीच्या पुढ्यात पाट घेऊन बसले, तिच्यावर हात ठेवून ती तापते का बघितलं, आणि मग आमच्या हिला म्हणाले, मिक्सर लावा. मिक्सरमध्ये घालायला काही नव्हतं, तर म्हणाले, रिकामाच लावा. नंतर टीव्ही, तिन्ही पंखे. शेवटी बॅटरीनं शिट्टी मारून मान टाकली आणि आम्ही घामाच्या धारा पुसत अंधारात बसलो, तेव्हा ते समाधानानं म्हणाले, "दमदार हाय. पण अजून बघू."

असं त्यांनी किती घरांना अंधारात बसवलं, देव जाणे. एका प्राध्यापकांकडं ऐन रंगात आलेली क्रिकेटची मॅच बंद पाडली. ते प्राध्यापक अजून मला ओळख दाखवत नाहीत. शेवटी लोक हुशार झाले. लाईट गेली की इन्व्हर्टरवाली घरंसुद्धा दिवे मालवून चिडीचूप बसायला लागली, न जाणो, हा माणूस रस्त्यानं जाताना उजेड बघून आत शिरायचा! दुकानदारांचीही तीच गत. ट्युब्युलर घ्यावी का लिथियम, पाणी किती दिवसांनी घालावं, मशीन लावल्यावर किती तास टिकेल, हे एकेकाला पुन्हा पुन्हा विचारून झालं. एक मुसलमान दुकानदार तर हात जोडून म्हणाला, "चाचा, बॅटरी लेरे के बेटी देरे?" साडू हसले नाहीत. मुलीला स्थळ बघावं तशीच बॅटरी बघावी, हे त्यांना बरोबरच वाटलं असावं.

इकडं घरची लाईट जायची थांबत नव्हती. ती गेली की साडू सिलिंडरची चावी फिरवून ताईंच्या उशाशी बसायचे आणि काट्याकडं बघत राहायचे. काटा खाली यायला लागला की त्यांचा चेहराही तसाच उतरायचा. ताई मात्र त्याही अवस्थेत मला म्हणायच्या, "पाहुणं, ह्यांची बॅटरी येईस्तोवर मी टिकते का बघा." आम्ही हसायचो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

एका संध्याकाळी वादळ झालं. लाईट गेली ती येईना, सिलिंडर संपत आला, दुसरा घेऊन येणारी गाडी पडलेल्या झाडामागं अडकली. आम्ही पोचलो तेव्हा ताईंचे ओठ काळेनिळे पडले होते आणि हा सहा फुटी माणूस त्यांचा हात धरून लहान पोरासारखा रडत होता. गाडी आली, निभावलं. पण माझ्या बायकोनं त्या दिवशी दाजींचा मुलाहिजा ठेवला नाही. शेरडू बघताय का माझी बहीण मारताय, असं तोंडावर विचारलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी साडू पायरीवर बसलेले होते. एवढी घरं हिंडून इन्व्हर्टर घेतला कुठला, तर आमच्या घरी आहे तोच. पहिला बघितलेला.

तो बसवताना इलेक्ट्रिशियननं विचारलं, कुठले पंखे, कुठल्या ट्यूब यावर घेऊ? साडू म्हणाले, काहीच नाही. ताईंच्या पलंगाजवळचा मशीनचा पॉइंट, बस. बॅटरीतला थेंबही दुसरीकडं जाता कामा नये. मी समजावलं, निदान त्या खोलीतला एक पंखा तरी घ्या. ताईंनीही सांगून बघितलं. पण सिलिंडरचा तो काटा साडूंच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. मग पुढं लाईट जायची तेव्हा मशीन मात्र ऐटीत चालायचं आणि मे महिन्याच्या भर दुपारी ती दोघं नवरा-बायको भट्टीत बसल्यासारखी बसायची. साडू पुठ्ठ्यानं वारा घालायचे. हात भरून आला की हात बदलायचे, पण हट्ट बदलायचे नाहीत. ताईंच्या मानेवर घामोळ्या उठल्या होत्या. "एवढा पंखा लावा हो," असं त्या दर वेळी म्हणायच्या, आणि मग म्हणायच्या सोडल्या.

पावसाळा सरता सरता ताई गेल्या. सकाळची वेळ होती. लाईट होती, मशीन चालू होतं, बॅटरी काठोकाठ भरलेली होती. कशाचीच कमी नव्हती.

यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी साडूंकडं गेलो तर लाईट गेलेली. आजूबाजूच्या घरांतून इन्व्हर्टरवरच्या पंख्यांचा आवाज येत होता आणि हे ताईंच्या खोलीत, रिकाम्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. बनियन घामानं अंगाला चिकटलेलं. मशीन भाड्याचं होतं, ते कधीच परत गेलं होतं. कोपऱ्यात इन्व्हर्टरचा हिरवा दिवा जळत होता. त्याच्यावर कणभरही भार नव्हता. मला राहवलं नाही. म्हटलं, साडूभाऊ, आता कुणासाठी राखताय ही बॅटरी? उद्या माणूस आणतो, पंख्याची वायर जोडून देईल.

त्यांनी शेजारचा पुठ्ठा माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "परवा दुकानात गेलतो. इचारलं त्याला, मशीनसंगं एक पंखा लावला असता तर झेपलं असतं का?"

मी विचारलं, काय म्हणाला?

"झेपलं असतं म्हणला. आरामात." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "समद्या गावाला समदं इचारलं, पाहुणं. एवढं एक ती असताना इचारायचं राहिलं."

पंख्याची ती वायर मग कुणी जोडली नाही. मीही पुन्हा तो विषय काढला नाही. त्या दुपारी लाईट यायला फार वेळ लागला, आणि आम्ही दोघं साडू तसेच उकाड्यात बसून राहिलो.