चपला मी बघतो

सुप्याच्या आमच्या नव्या कॉलनीत देव न मानणारा एकच, माझा शेजारी. गणपतीची आरती असो, बुद्धवंदना असो की ख्रिस्ती मास्तरांच्या घरची प्रार्थना, हा येतो आणि दारातच थांबतो. ‘तुमी बसा आत, चपला मी बघतो,’ म्हणत एकेक जोड तोंड बाहेर करून लावतो. पाहुणे आले की मी मुद्दाम दाखवतो, ‘हा आमचा.’

त्याच्या बायकोच्या ऑपरेशनला अख्खी कॉलनी दवाखान्यात जमली. मास्तरांनी बिचकत विचारलं, ‘आम्ही प्रार्थना केली तर चालेल?’

‘करा की. तिला लई बरं वाटंल.’

ज्यानं त्यानं आपापल्या परीनं हात जोडले, डोळे मिटले. उघडले, तर दाराशी सगळ्यांच्या चपला ओळीत लावलेल्या. सगळ्यांत पुढं तिच्या, घराकडं तोंड करून.