तुरा येईपर्यंत

लिंबायत वस्तीतला आमचा शेजारी कापडाच्या लूमवरून सुटला की गच्चीवरच्या तेलाच्या डब्यांतल्या मक्याला चमच्याने युरिया द्यायचा. पेरताना थोडा, मका गुडघ्याएवढा झाल्यावर थोडा आणि तुरा आल्यावर उरलेला.

"एकदम दिला तर वाहून जातो, भाऊ. मुळांना काय मिळतं?" चहासुद्धा तो तीन डोसांत प्यायचा.

त्याने नवा मका पेरला त्याच आठवड्यात माझे वडील गेले. घर माणसांनी भरलं होतं. हा आला, "वाईट झालं" म्हणाला आणि निघाला. मला त्याचा मका उपटावासा वाटला. महिन्याने पुन्हा दारात उभा: "चांगला माणूस होता." एवढंच बोलून लगेच गेला.

दोन महिन्यांनी आमच्याकडे कुणी फिरकेनासं झालं. तेव्हा तो आला, चपला काढून मांडी घालून बसला.

"तुरा आला," तो म्हणाला. "आता सांग, कसे होते तुझे वडील?"